दुसऱ्या पाठाची तरतूद

वर्षातून एकदा प्रत्येक कर्मचाऱ्याने लहान मुलांवर प्रेम करावे, असा ठराव विमा कंपनीच्या संचालक मंडळाने एकमताने मंजूर केला. प्रेम शनिवारी सकाळी, नाश्त्यानंतर आणि जेवणाच्या आत करायचे होते. त्यासाठी वार्षिक मूल्यमापनात ‘माणुसकी’ हे नवे सदर उघडून त्यात गुण ठेवण्यात आले. आदल्या वर्षापर्यंत हेच गुण ‘टेबलाचा नीटनेटकेपणा’ या सदराला मिळत. परिपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक खुलासाही होता : ‘सदर मुले कर्मचाऱ्याची स्वतःची नसावीत.’ तो वाचून बऱ्याच जणांचा हिरमोड झाला, कारण घरच्या घरी उरकून टाकण्याचा बेत त्यांनी आधीच आखला होता.

खेदरावांनी परिपत्रकावर सही केली आणि ते पुढच्या टेबलाकडे सरकवले. खेदराव हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. ते दावे नाकारण्याच्या विभागात होते. कुणाचे दुकान जळे, कुणाची गाडी पुरात वाहून जाई, कुणाचा पाय मोडे. अशा माणसाने भरपाई मागितली की ती का मिळणार नाही हे त्याला गोड शब्दांत कळवायचे, हे त्यांचे काम. ‘आपणांस कळविण्यास अत्यंत खेद होतो’ ही त्यांच्या प्रत्येक पत्राची सुरुवात असे. त्यावरून कचेरीने हे नाव ठेवले आणि हळूहळू ते घरीही जाऊन पोचले. त्यांचा हात असा बसला होता की आपल्याला नकार मिळालाय हे वाचणाऱ्याला चटकन उमगतच नसे. दुकान जळालेल्या एका माणसाने तर त्यांचे पत्र चौकटीत घालून आपल्या नव्या टपरीत टांगले होते. आपल्या दुःखाबद्दल इतक्या आपुलकीने आजवर कुणी लिहिले नाही, असे तो गिऱ्हाइकांना सांगे.

शनिवारी कंपनीच्या बसमधून सगळे बालकेंद्रात पोचले. प्रत्येकाला एक टोपी आणि एक हिरवा सदरा मिळाला होता. सदऱ्यावर छातीपाशी हृदय होते आणि हृदयाच्या आत कंपनीचे नाव.

केंद्र म्हणजे एक मोठी खोली, मागे स्वयंपाकघर आणि पुढे थोडे अंगण. भिंती मात्र बघण्यासारख्या होत्या. दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या कंपनीचे लोक येऊन त्या हौसेने रंगवून जात. रंगावर रंग चढून भिंती इतक्या जाड झाल्या होत्या की खिडक्या पूर्ण लागत नव्हत्या आणि खोली आतून दरसाल जराजरा लहान होत चालली होती. सोमवारी बँकवाले येत, मंगळवारी सिमेंटवाले, बुधवारी टेलिफोनवाले. मुलांना फक्त रविवारी सुट्टी असे.

केंद्राच्या बाईंनी सगळ्यांना एकेक खोका दिला. खोक्यावर लिहिले होते ‘पाठ पहिला’. मग एकेका पाहुण्यापुढे एकेक मूल बसवण्यात आले. खेदरावांच्या वाट्याला मिरी आली. सगळी तिला मिरीच म्हणत, कारण बोलायला तिखट. बाकीच्या मुलांहून ती चांगली दोन वर्षांनी मोठी होती. तिचे गुडघे बुटक्या टेबलाला लागत होते. खेदरावांचेही लागत होते, त्यामुळे दोघे साधारण सारख्याच अडचणीत बसले.

खेदरावांनी खोक्यातले कार्ड काढले. त्यावर अननसाचे चित्र होते.

“हा अ,” ते म्हणाले.

मिरीने मान हलवली. “असं नाही, काका. आधी तुम्ही विचारायचं, ‘हे काय आहे बरं?’ मग मी डोकं खाजवते. मग मला एकदम येतं. मग तुम्ही टाळ्या वाजवता.”

“आणि मग?”

“मग फोटो.”

खेदरावांनी विचारले. मिरीने डोके खाजवले, छताकडे पाहिले, ओठ चावला आणि डोळे मोठे करून “अ!” असे ओरडली. खेदरावांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला. शेजारच्या टेबलावर वसुली विभागाचे साहेब रुमालाने डोळे पुसत होते. त्यांच्या पुढ्यातल्या मुलाने तोंडात बोट घालून विचार केला होता, आणि त्यात म्हणे त्याचा हातखंडा होता.

“आता?” खेदरावांनी विचारले.

“आता तुम्ही विचारता, मोठी होऊन काय होणार. मी डॉक्टर सांगते. बँकेचे असले तर बँकेत सांगते, त्यांना बरं वाटतं. तुम्ही कुठले?”

“विम्याचे.”

“विम्याचं मला कुणी शिकवलं नाही. काय सांगू?”

“काही नको सांगूस,” ते म्हणाले.

मिरीने बाई कुठे आहेत ते पाहून घेतले आणि आवाज उतरवला. “काका, याच्यापुढे काय असतं?”

खेदरावांना वाटले, पोरगी चेष्टा करतेय. त्यांनी खोका उपडा केला. त्यात अननस, अजगर आणि अस्वल होते. शेजारच्या खोक्यातही तेच. त्यांनी खिशातले पेन काढले आणि अननसाच्या पाठीमागे ‘आ’ काढला.

“हे तर तेच. नुसती शेजारी काठी उभी केलीय,” मिरी म्हणाली.

“काठी आली की तोंड मोठं उघडायचं.”

मिरीने तोंड उघडले. “आ.” तिने पुन्हा कार्डाकडे पाहिले, पुन्हा म्हणून पाहिले आणि ती हसली. डोके न खाजवता, छताकडे न बघता हसली. खेदरावांना आनंद झाला. आपल्यामुळे एका माणसाला काहीतरी मिळाले, हा अनुभव त्यांना नवा होता. आणि त्या आनंदाला कुठल्याही अटी लागू नव्हत्या.

एवढ्यात बाई आल्या. त्यांनी कार्ड उचलले, उलटून पाहिले आणि गंभीर झाल्या. “पुढचं नका हो शिकवू. मुलं गोंधळतात.”

निघताना खेदरावांनी बाईंना बाजूला घेऊन विचारले, तेव्हा कळले की मिरी केंद्रातली सगळ्यात जुनी. मोठ्या शाळेत घ्यायचे तर वाचून दाखवावे लागते. ती दरवर्षी परीक्षेला जाते, झोकात ‘अ’ वाचते आणि परत येते. यंदाची शेवटची संधी, कारण यानंतर वय उलटणार. मग आई ज्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते तिथेच तीही.

“मग तिला शिकवत का नाही?” खेदराव म्हणाले.

बाईंना हा प्रश्न लागला. “शिकवतो की! रोज शिकवतो. आज तुम्हीच नाही का शिकवलंत?”

सोमवारी खेदराव कचेरीत आले, पुढ्यात मोडलेल्या पायाचा दावा घेतला, ‘आपणांस कळविण्यास’ इथपर्यंत लिहिले आणि थांबले. दुपारपर्यंत थांबलेले होते. मग त्यांनी दावा मंजूर करून टाकला.

ही बातमी वरच्या मजल्यावर आगीसारखी गेली. तिथल्या मोठ्या साहेबांनी त्यांना ताबडतोब बोलावून घेतले, खुर्चीत बसवले, पाणी दिले.

“शनिवारी जाऊन आलात ना?” साहेबांनी मायेने विचारले. “मग बरोबर. बालताप आहे.”

बालताप हा कचेरीला परिचित आजार होता. मुलांना भेटून आलेल्या माणसाला एकदोन दिवसांत आपले आयुष्य फुकट चालले आहे असे वाटू लागते, खिडकीबाहेर बघावेसे वाटते, आणि शिक्षक होण्याची उबळ येते. हिशेब विभागाचे प्रमुख संगीतशिक्षक व्हायला निघाले होते. त्यांनी मोठा टीव्ही घेतला आणि ताप उतरला. कर्मचारी विभागाने या आजाराला अर्ध्या दिवसाची भरपगारी रजाही ठेवली होती.

“मीसुद्धा झाडाखाली शाळा काढणार होतो,” साहेब म्हणाले आणि त्यांनी टेबलाच्या खणावरून हळुवार हात फिरवला. “आराखडा इथेच आहे. अधूनमधून काढून बघतो, बरं वाटतं. तुम्हीही एखादा आराखडा काढा.”

“मला तिथे परत जायचंय, साहेब. दुसऱ्यांदा.”

साहेबांच्या चेहऱ्यावरची माया गेली. “दुसऱ्यांदा कशाला? गुण जमा झाले तुमचे.”

“त्या मुलीला पुढचं अक्षर शिकवायचंय.”

“खेदराव, या शहरात कंपन्या किती आणि मुलं किती, काही अंदाज आहे? आपला पतपेढी विभाग अजून एका तरी मुलाची वाट बघतोय. माणसं प्रेम करायला तयार बसलीत आणि मुलं मिळत नाहीत. अशा वेळी तुम्ही एकाच मुलीकडे दोनदा जाणार? हे दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणं झालं. मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

ताप उतरेना म्हणून कंपनीने खेदरावांना आपल्या खर्चाने एका करिअर-मार्गदर्शकाकडे पाठवले. हे गृहस्थ आधी बँकेत होते, मग हॉटेलात, मग मधमाश्या पाळत होते. प्रत्येक ठिकाणाहून आतला आवाज ऐकून बाहेर पडले होते आणि आता लोकांना त्यांचा आतला आवाज ऐकवून देत. त्यांनी खेदरावांना डोळे मिटायला सांगितले.

“काय दिसतंय?”

“मिरी.”

“छान. मसाल्यांचा व्यवसाय,” मार्गदर्शक म्हणाले आणि अहवालात तसे लिहून दिले.

घरी खेदरावांनी नोकरी सोडण्याचा विषय काढला, तेव्हा बायको शिलाई मशीनवर बसली होती. तिने पायडल थांबवले नाही.

“मुलं आवडली म्हणून नोकरी सोडायची? मला झोप आवडते. मी गाद्यांचं दुकान टाकू का?”

“अगं, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला ‘हो’ म्हणालो. तुला कळतंय का?”

“मला म्हणाला होतात एकदा. त्यानंतर सगळे अर्ज विचाराधीन आहेत.”

कॉलेजात जाणारी लेक मोबाइलमधून डोके वर काढून म्हणाली, “बाबा, मला अक्षरं कुणी शिकवली रे?”

“मीच की!” असे खेदराव म्हणायला गेले आणि बायकोकडे बघून गप्प बसले. बायकोने दोरा दाताने तोडला.

तरीही त्यांनी राजीनामा दिला. हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवले पाहिजे, कारण पुढे ते त्यांनी स्वतःच अनेकदा नोंदवले. दुसऱ्याच दिवशी सकाळी, सदरा-टोपीशिवाय, साध्या शर्टात, ते केंद्राच्या दारात जाऊन उभे राहिले. मनातून त्यांना हलके वाटत होते.

“मी आलो,” ते बाईंना म्हणाले. “आता रोज येईन. शिकवीन. मला काही नको.”

बाईंनी त्यांच्या मागे बस दिसते का ते पाहिले. “कुठल्या कंपनीकडून?”

“कुठल्याच नाही. नोकरी सोडली.”

“मग तुम्ही आता कोण?”

“कुणी नाही. स्वयंसेवक.”

“असं कसं?” बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “स्वयंसेवक म्हणजे जो एरवी दुसरं काहीतरी करतो तो. तुम्ही एरवी काही करतच नाही. जो दुसरं काही न करता नुसता मुलांना शिकवतो, त्याला शिक्षक म्हणतात. आणि शिक्षक ठेवण्याची आमच्याकडे तरतूद नाही.”

“पण मी फुकट शिकवतोय!”

“फुकट तर सगळेच शिकवतात. कंपन्या त्याचे आम्हाला पैसे देतात. तुमचे कोण देणार? शिवाय तुमचा विमा नाही. उद्या तुम्ही त्या बुटक्या खुर्चीवरून पडलात तर?”

खुर्चीवरून पडलेल्यांना खेदरावांनी स्वतः किती पत्रे लिहिली होती.

“बरं, दुसरा पाठ तरी काढा,” ते काकुळतीने म्हणाले.

“काढला होता हो,” बाई खुर्चीत टेकल्या आणि पहिल्यांदाच दमलेल्या दिसल्या. “दुसऱ्या पाठाला मुलं चुकतात. चुकली की पाहुण्यांना वाईट वाटतं. ते अभिप्रायात लिहितात, भेट मनाला भिडली नाही. मग पुढच्या वर्षी कंपनी मुलं सोडून भटक्या कुत्र्यांकडे जाते. पहिल्या पाठाला एकही मूल चुकत नाही. इथे दोन वेळचं जेवण शिजतं ते त्या पहिल्या पाठावर शिजतं, खेदराव. मला काय हौस आहे?”

खेदराव तिथून निघाले ते शोधत शोधत लाँड्रीत गेले. वाफेच्या ढगात मिरीची आई चादरीला इस्त्री करत होती. तिने सगळे ऐकून घेतले, पण हात चालूच ठेवले.

“केंद्राबाहेर शिकवणी लावली तर नाव कमी करतात,” ती म्हणाली. “पण दुपारी ती जेवून इथे येते, ते त्यांना माहीत आहे. मोठ्या मशीनच्या मागे जागा आहे. तिथे कुणी बघत नाही. तुम्ही येणार?”

“येणार.”

“किती दिवस?”

“परीक्षेपर्यंत. रोज.”

आईने इस्त्री उभी ठेवली आणि त्यांच्याकडे नीट पाहिले. “उद्यापासून या. मी स्टूल पुसून ठेवते.”

इतके सोपे होते. ना टोपी, ना खोका, ना परिपत्रक. एक स्टूल आणि मशीनच्या मागची जागा. खेदराव घरी आले ते शीळ घालत. येताना त्यांनी पाटी आणि खडूही घेतले होते.

संध्याकाळी साहेब स्वतः घरी आले. बायकोने लगबगीने खुर्चीवरचे कापड उचलले. साहेबांनी खिशातून राजीनामा काढला, त्याच्या चार घड्या केल्या आणि परत खिशात घातला.

“आम्ही हा स्वीकारू शकत नाही,” ते म्हणाले. “तुमच्यामुळे मंडळाचे डोळे उघडले. मुलांसाठी नोकरीवर लाथ मारणारा माणूस आपल्याकडे होता आणि आपण त्याला मोडक्या पायांच्या दाव्यांवर बसवला! मंडळाने नवं खातं काढलंय. बालस्नेह विभाग. प्रमुख तुम्ही. वेगळी खोली, गाडी, हाताखाली माणसं. तुम्हाला मुलांसाठी काम करायचं होतं ना? आता दिवसभर तेच करायचं.”

“दुसरा पाठ काढता येईल?” खेदरावांनी विचारले.

“विभाग तुमचा. काढा की विसावा!”

बायको आतून बशी घेऊन आली होती, ती दारातच थांबली. नवऱ्याचा चेहरा तिला पाठ होता. “काय मंजूर करताय बघून करा,” ती म्हणाली, पण ते साहेबांसमोर म्हणाली, त्यामुळे दोघांनीही तो विनोद समजून हसून घेतले.

खेदरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. मशीनच्या मागे बसून एका मिरीला शिकवता येईल. एकाच. शहरात अशा शेकडो मिऱ्या असतील, त्यांचे काय? एकीसाठी शेकडो जणींना वाऱ्यावर सोडणे हा स्वार्थ नव्हे काय? साहेबांचा तो तोंडचा घास त्यांना आता पहिल्यांदा पटला. दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या खोलीच्या किल्ल्या मिळणार होत्या, आणि दुपारी तर लाँड्रीत जायचे होते. म्हणून त्यांनी मिरीच्या आईला एक पत्र लिहिले. ते त्यांच्या आयुष्यातले सर्वोत्तम पत्र होते. लिहिताना त्यांचे डोळे खरोखर भरून आले.

आईला वाचता येत नव्हते. तिने ते लाँड्रीच्या मालकाकडून वाचून घेतले. मालकाने दोनदा वाचले आणि म्हणाला, “फार चांगला माणूस दिसतो. येणारसं वाटतंय.” म्हणून मग ती कितीतरी दुपारी स्टूल पुसून ठेवत राहिली, आणि मिरी मशीनच्या मागे पाटीशिवाय बसून राहिली.

इकडे बालस्नेह विभाग जोरात सुरू झाला. खेदरावांनी पहिल्याच दिवशी दुसऱ्या पाठासाठी समिती नेमली. समितीत बँकेचा, सिमेंटचा आणि टेलिफोनचा असे प्रतिनिधी घेतले, म्हणजे काम सर्वसंमतीने व्हावे. दुसरा पाठ शिकवायचा तर दुसरी भेट लागणार, आणि दुसरी भेट दिली तर रांगेतल्यांची पहिली भेट लांबणार, हा पेच पहिल्या बैठकीत लक्षात आला. दुसऱ्या बैठकीत तो गंभीर असल्याचे ठरले. तिसऱ्या बैठकीत असा तोडगा निघाला की पहिल्या पाठालाच दुसरा पाठ म्हणावे आणि मुलांची प्रगती झाली असे समजावे. खेदराव चिडले. त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि विरोधी मत नोंदवायला लावले. बैठकीनंतर सगळ्यांनी त्यांच्या तळमळीचे कौतुक केले.

त्यांना भाषणांनाही बोलावणी येऊ लागली. ‘मी नोकरी का सोडली’ हा त्यांचा विषय. नोकरी सोडल्याला आणि परत धरल्याला मधे एकच रात्र गेली होती, ही बाब भाषणात येत नसे, कारण वेळ थोडा असे. मिरी मात्र प्रत्येक भाषणात येई. तिच्या ‘आ’पाशी आले की खेदराव थांबत, चष्मा काढत, आणि सभागृहात रुमाल निघत. भाषण ऐकून बालताप झालेल्यांची संख्या वाढली आणि केंद्रापुढची रांग आणखी लांबली.

एक दिवस हिशेब विभागात नव्याने लागलेली एक पोरगी त्यांच्या खोलीत आली आणि बस म्हटले तरी बसली नाही.

“सर, मी शनिवारी जाऊन आले. माझ्यासमोर मिरी होती. तिने विचारलं, काठीवालं झालं, त्याच्यापुढे काय. मला परत जाऊ द्या.”

खेदराव उठून खिडकीपाशी गेले. “मला समजतंय तुझं. बालताप आहे.”

“मला ताप नाही, सर. परीक्षा जवळ आलीय. तिची शेवटची आहे. मी जेवणाच्या सुट्टीत जाईन. गुण नकोत मला.”

“एकीला परवानगी दिली की सगळ्यांना द्यावी लागेल. समिती बसलीय ना त्यावर. धोरण येऊ दे.”

“धोरण परीक्षेच्या आधी येईल?”

“धोरणाला घाई करून चालत नाही.”

“मग तोवर तिला शिकवणार कोण?”

आता मात्र खेदराव दुखावले. “तू मला शिकवतेस? अगं, तिच्यासाठी मी नोकरी सोडली होती!”

खेदरावांना त्या पोरीची कीव आली. त्यांनी तिला बसवून घेतले आणि नकार तोंडी न देता लेखी दिला, म्हणजे तिला जपून ठेवता येईल.

परीक्षा ठरल्या दिवशी झाली. मोठ्या शाळेच्या मास्तरांनी मिरीपुढे कार्ड धरले. ती ‘अ’ म्हणाली. दुसरे धरले. तिने डोके खाजवले नाही, छताकडे पाहिले नाही. तोंड मोठे उघडून ‘आ’ म्हणाली. मास्तरांनी तिसरे धरले. मिरीने ते हातात घेतले, आडवे करून पाहिले, उभे करून पाहिले, मागे काही लिहिले आहे का तेही पाहिले.

“हे काय असतं?” तिने विचारले.

“इथे विचारायचं नसतं, बाळ. सांगायचं असतं,” मास्तर म्हणाले. ते वाईट नव्हते. त्यांनी शेऱ्यात ‘मुलगी जिज्ञासू आहे’ असे मुद्दाम लिहिले आणि तिला परत पाठवले. दुसऱ्या दिवसापासून ती आईच्या शेजारी उभी राहून चादरींच्या घड्या घालू लागली. घड्या चांगल्या घालते म्हणतात.

ही बातमी बाईंनी फोनवर कळवली तेव्हा खेदरावांनी फोन ठेवला, दार लावून घेतले आणि ते रडले. मनापासून रडले. मग तोंड धुऊन भाषणाला गेले, आणि ते भाषण आजवरच्या सगळ्या भाषणांहून चांगले झाले.

तुम्हीही इथपर्यंत वाचलेत, म्हणजे मन हळवे असणार. मिरीचे वाईट वाटले असेल, खेदरावांचा राग आला असेल, आपण असतो तर त्या स्टुलावर नक्की जाऊन बसलो असतो असेही मनात येऊन गेले असेल. काळजी नसावी. ही तुमची भेट धरली आहे आणि तिचे गुण तुमच्या नावावर जमा झाले आहेत. मिरी ज्या बुटक्या खुर्चीवर बसे तिथे आता एक लहान मुलगा आलाय. तो अजून ‘अ’ला सराईतपणे डोके खाजवायला शिकतोय. त्याला भेटायला यायचे असेल तर जरूर या, एकदा. आणि आता कृपा करून जरा बाजूला सरका. तुमच्या मागे रांग आहे.